वाढीचा दर आणि चाळीतली नऊ बिऱ्हाडं

देशाचा विकासदर साडेसहा टक्के म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मुंबईतल्या करी रोडची दहा बिऱ्हाडांची एक चाळ डोळ्यांसमोर आणा. नऊ घरांत महिन्याला 20-20 हजार येतात. दहाव्या घरात 2 लाख. (एवढी कमाई असलेला माणूस चाळीत कशाला राहील, हा प्रश्न रास्त आहे. पागडीची, म्हणजे जुन्या नाममात्र भाड्याची खोली सोडवत नाही म्हणून राहिलाय असं धरा.) चाळीचं एकूण उत्पन्न 3 लाख 80 हजार, सरासरी 38 हजार. गंमत म्हणजे 38 हजार कमावणारं घर या चाळीत एकही नाही.

पुढच्या वर्षी दहाव्या घराचं उत्पन्न 10 टक्क्यांनी वाढलं आणि बाकीची नऊ घरं जागच्या जागी राहिली, तर चाळीचा विकासदर येतो 5.3 टक्के. आता उलटं करून बघा. नऊ घरांची कमाई प्रत्येकी 10 टक्क्यांनी वाढू दे आणि दहावं घर होतं तिथेच राहू दे. विकासदर येतो 4.7 टक्के. म्हणजे दहापैकी नऊ घरांत सुधारणा झाली ते वर्ष बातमीत 'वाढ मंदावली' म्हणून येणार, आणि एकाच घराची भरभराट झाली ते वर्ष 'तेजी' म्हणून.

यात कुणी आकडे फिरवलेले नाहीत. विकासदर काढताना रुपये मोजले जातात, माणसं नाहीत. ज्याच्याकडे जास्त रुपये, त्याच्या वाढीचं वजन जास्त. निवडणुकीत बरोबर उलटं असतं, तिथे श्रीमंत मलबार हिलच्या आणि गरीब मानखुर्दच्या मताचं वजन सारखं. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याच विसंगतीकडे बोट दाखवलं होतं: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता घेऊन आपण प्रजासत्ताकात पाऊल टाकतो आहोत, आणि हे फार काळ तसंच राहिलं तर लोकशाहीच धोक्यात येईल. पंचाहत्तर वर्षं उलटली तरी हे वाक्य जुनं वाटत नाही.

आता आपला देश नेमका कुठे उभा आहे ते पाहू. जागतिक बँक दरडोई उत्पन्नावरून देशांचे गट पाडते. 2007 च्या आकड्यांवर भारत 'कमी उत्पन्न' गटातून निघून 'निम्न मध्यम उत्पन्न' गटात आला. आज आपलं दरडोई उत्पन्न वर्षाला अंदाजे अडीच हजार डॉलर, म्हणजे 2 लाख रुपयांच्या आसपास. वरच्या मध्यम गटाचा उंबरठा साडेचार हजार डॉलरच्या जवळपास आणि श्रीमंत देशांचा सुमारे 14 हजार डॉलर. 'मध्यम' हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण या गटाची रुंदी बघितली तर आपण अजून दाराशीच आहोत.

वाढीचा काहीच उपयोग झाला नाही, असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. जागतिक बँकेच्या हिशेबाने, माणशी दिवसाला 2.15 डॉलरच्या रेषेखालचे लोक 2011-12 मध्ये 16.2 टक्के होते, ते 2022-23 मध्ये 2.3 टक्क्यांवर आले. (हे बाजारातले डॉलर नव्हेत, इथल्या स्वस्ताईचा हिशेब धरून काढलेले आहेत.) उपाशी झोपणाऱ्यांची संख्या इतकी घटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण रेषा जरा वर उचलून आपल्यासारख्या देशांसाठी तेव्हा ठरवलेल्या 3.65 डॉलरवर नेली, की तेच प्रमाण 28.1 टक्के होतं. 2011-12 मध्ये ते 61.8 होतं. म्हणजे अतिगरिबीतून कोट्यवधी लोक बाहेर आले, पण त्यातले बरेच जण फार दूर गेलेले नाहीत. घरातल्या कर्त्या माणसाचा एक मोठा आजार त्यांना परत आत खेचू शकतो.

आता वादाचा मुद्दा. भारतात विषमता वाढली की घटली? दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत, आणि दोन्ही बाजू ते एकमेकांच्या तोंडावर फेकत असतात.

विषमता मोजायची एक प्रचलित पट्टी आहे, जिनी निर्देशांक. सगळ्यांकडे सारखंच असेल तर शून्य, एकट्याकडेच सगळं असेल तर 100. जागतिक बँकेने 2025 मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे भारताचा जिनी 28.8 वरून 25.5 वर आला. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने यावरून जाहीर केलं की भारत जगातला चौथ्या क्रमांकाचा समान देश आहे. मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे ऐकून ठसका लागणं साहजिक आहे. पण ठसका हा काही युक्तिवाद नव्हे, म्हणून आकड्याच्या आत शिरायला हवं.

हा 25.5 खर्चाचा जिनी आहे, उत्पन्नाचा नाही. महिन्याला 20 हजार मिळवणारं घर जवळपास सगळे खर्चून टाकतं. 20 लाख मिळवणारं घर कितीही उधळपट्टी केली तरी सगळे खर्च करू शकत नाही, उरलेले शेअरमध्ये, फ्लॅटमध्ये, सोन्यात जातात. त्यामुळे खर्चातली दरी नेहमीच उत्पन्नातल्या दरीपेक्षा लहान दिसते. आणि यादीतल्या बऱ्याच देशांचा जिनी उत्पन्नावरून काढलेला असतो. त्यांचं उत्पन्न आणि आपला खर्च एकाच तक्त्यात बसवून क्रमांक लावणं म्हणजे एका मुलाचे शंभरपैकी गुण दुसऱ्याच्या पन्नासपैकी गुणांशी ताडून पाहण्यासारखं झालं.

दुसरी अडचण जास्त मुंबईकर आहे. खर्चाची पाहणी करणारा माणूस वस्तीत सहज शिरतो. दारं उघडी असतात, बायका पाण्यापाशी भेटतात, कुणीतरी चहा विचारतं. टॉवरच्या गेटवर सुरक्षारक्षक त्याला अडवतो, इंटरकॉमवर 'मॅडम घरी नाहीत' असं उत्तर येतं. अतिश्रीमंत अशा पाहण्यांत फारसे सापडतच नाहीत, हे जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. म्हणून वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी पाहण्यांना प्राप्तिकराची आकडेवारी जोडून वेगळा हिशेब केला. त्यानुसार 2022-23 मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या एका टक्क्याकडे गेला, आणि संपत्तीतला 40.1 टक्के. याच संस्थेच्या आकड्यांवरून काढलेला उत्पन्नाचा जिनी 2004 मध्ये 52 होता, तो 2023 मध्ये 62 झाला.

या अंदाजांतही गृहीतकं पुष्कळ आहेत. दशांशावर पैज लावू नये. पण दिशेबद्दल मला शंका वाटत नाही: खाली पोटाची सोय पूर्वीपेक्षा बरी झाली, आणि वर संपत्तीचा ढीग त्याहून कितीतरी वेगाने वाढला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मोफत रेशनच्या यादीत 80 कोटींहून जास्त माणसं आहेत आणि अब्जाधीशांची यादीही लांबत चालली आहे, यात तर्काच्या दृष्टीने विसंगती काहीच नाही.

मग मधल्यांचं काय? माझ्या मते खरा पेच तिथेच आहे, आणि तो समजायला मध्य मुंबईतल्या गिरण्यांच्या भागाइतकी, गिरणगावाइतकी चांगली जागा नाही.

अर्थशास्त्राचं पुस्तक सांगतं की देश वाढू लागला की माणसं शेती सोडून कारखान्यात येतात, तिथून त्यांची मुलं कचेऱ्यांत जातात. मुंबईत हे खरोखर घडलं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला, साताऱ्याकडचा चौथी-पाचवी शिकलेला मुलगा गाववाल्याचा हात धरून यायचा, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर लागायचा. आधी बदली कामगार म्हणून गेटवर ताटकळायचं, मग कधीतरी कायम व्हायचं. काम जिवावरचं होतं, कापसाच्या धुळीने छातीची वाट लागायची, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण कायम झाला की ठरलेली पगारश्रेणी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि पाठीशी युनियन. दर महिन्याला गावी मनीऑर्डर. आणि त्याचा मुलगा बँकेत, बेस्टमध्ये, म्युनिसिपालिटीत. दोन पिढ्यांत कुटुंब वर चढत होतं, आणि सुरुवातीला हातात डिग्री नव्हती की भांडवल नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांच्या ऱ्हासाला केवळ संप कारण होता असं नाही. यंत्रमागाची स्पर्धा, मालकांनी यंत्रसामग्रीत न घातलेला पैसा आणि गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला आलेली किंमत हे सगळं एकत्र आलं. आज लोअर परळला त्याच जागेवर मॉल आहेत, काचेच्या इमारतींत वित्त कंपन्या आहेत, माध्यमांची ऑफिसं आहेत. त्या चौरस फुटांमधून आज निघणारं उत्पन्न गिरणीच्या काळापेक्षा कित्येक पट असेल. विकासदराच्या नजरेने बघितलं तर झालं ते फारच छान.

फक्त तिथल्या नोकऱ्या बघा. वरच्या मजल्यांवर एमबीए, सीए, संगणकाचं शिक्षण घेतलेले. खाली हाउसकीपिंग, सुरक्षारक्षक, पार्किंगवाला, जेवण पोचवणारा मुलगा. हे खालचे बहुतेक कंत्राटी, ठेकेदार बदलला की नोकरीही नव्याने सुरू. पाच वर्षं इमानेइतबारे केलेल्या हाउसकीपिंगमधून वरच्या मजल्यावर जाता येत नाही. इमारतीला तळमजला आहे, गच्ची आहे, मधला जिना कुणी बांधलाच नाही. आणि विषमता वाढते ती वरचे फार वर गेले म्हणून जितकी, तितकीच हा जिना गेल्यामुळे.

देशाच्या आकड्यांतही हेच दिसतं. शेतीचा देशाच्या उत्पन्नातला वाटा साधारण 18 टक्के, पण 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीत काम करणाऱ्यांपैकी 46.1 टक्के लोक शेतीत. 2018-19 मध्ये हे प्रमाण 42.5 टक्के होतं. म्हणजे वाटचाल उलटी झाली. कोविडमध्ये गावी परतलेले सगळे पुन्हा शहराकडे आले नाहीत, आणि येतील तर त्यांना घेणारा कारखाना कुठे आहे? कमी शिकलेल्या हातांना मोठ्या संख्येने कामाला लावणारा टप्पा चीनने, त्याआधी कोरियाने भरभरून अनुभवला. आपण शेतीतून बरेचसे थेट सेवांमध्ये उडी मारली, आणि सेवांचं दार इंग्रजी आणि पदवी असणाऱ्यांनाच नीट उघडतं.

आता जमीन. मुंबईबद्दल बोलायचं आणि जमिनीबद्दल नाही, हे जमणार नाही.

कष्टाने, अकलेने, धोका पत्करून कमावलेला पैसा वेगळा. जमिनीची किंमत वाढते तेव्हा मालकाने बहुतेक वेळा काहीच केलेलं नसतं. मेट्रो 3 घ्या. आरे ते कफ परेड, 33.5 किलोमीटर, खर्च सुमारे 37 हजार कोटी, तोही सार्वजनिक तिजोरीतून आणि कर्जातून. मेट्रो आली की स्टेशनलगतच्या घरांचे भाव चढतात. मालकाला फायदा घरबसल्या झाला. त्याच इमारतीतल्या भाडेकरूला मेट्रोचं तिकीटही काढायचं आहे आणि पुढच्या करारात वाढीव भाडंही भरायचं आहे. एकाच सुधारणेने दोघांमधलं अंतर वाढवलं, दोघांपैकी कुणीही काही वाईट केलेलं नसताना.

गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीच्या बाबतीत हे अंतर कमी करायची संधी कायद्यातच होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम 58 होतं. त्यातला हिशेब साधा होता: गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर आधीपासून रिकामी असलेल्या जागेचीच, असं ठरलं. गिरणीच्या आवारात शेड आणि इमारतीच जास्त, रिकामी जागा थोडी, त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसला. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. एका शब्दाच्या व्याख्येने मध्य मुंबईतली मैदानं आणि हजारो घरं गेली. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस अजून घरांच्या यादीत नंबर शोधताहेत. दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत आणि ज्यांच्या हाती किल्ल्या पडल्या ते त्यातले थोडेच.

2011 च्या जनगणनेत मुंबईच्या सव्वा कोटी लोकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त झोपडपट्टीत राहत होते. यातले सगळे 'गरीब' या व्याख्येत बसत नाहीत. पोलिस शिपाई आहेत, परिचारिका आहेत, पालिकेचे कर्मचारी आहेत. पगार मध्यमवर्गीय, पत्ता झोपडपट्टीचा. उत्पन्नाच्या जिनीत ही माणसं मधोमध दिसतील, पण घराच्या हिशेबात ती तळाशी आहेत.

वाढीच्या सुरुवातीला विषमता वाढतेच, नंतर आपोआप कमी होते, असं एक जुनं म्हणणं आहे. सायमन कुझनेट्स यांनी 1955 मध्ये मांडलं, तेही बरंच जपून, हातात फार थोडी आकडेवारी आहे असं सांगत. पुढे इतरांनी त्याचा नियम करून टाकला. प्रत्यक्षात 'आपोआप' काही होत नाही. दक्षिण कोरियाने 1950 च्या सुमारास आधी जमीनवाटप केलं, शाळा उभारल्या आणि मग धाव घेतली. ब्राझील आधी पळाला, विषमता तशीच ठेवून, आणि मधल्या उत्पन्नाच्या पट्ट्यात अडकून पडला. या शतकाच्या सुरुवातीला तिथे किमान वेतन वाढवलं, 2003 पासून गरीब कुटुंबांना थेट पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे दरी जरा कमी झाली.

या अडकण्यालाच 'मध्यम उत्पन्नाचा सापळा' म्हणतात. जागतिक बँकेच्या 2024 च्या अहवालानुसार 1990 पासून केवळ 34 देश मध्यम गटातून श्रीमंत गटात गेले, आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक देशांना युरोपीय संघात प्रवेश मिळाला होता किंवा जमिनीखाली तेल सापडलं होतं. आपल्याला दोन्हीची शक्यता नाही. आजच्या चालीने भारताला अमेरिकेच्या दरडोई उत्पन्नाच्या एक चतुर्थांशावर पोचायला सुमारे 75 वर्षं लागतील, असंही तोच अहवाल म्हणतो.

विषमता आणि सापळा यांचा संबंध काय? एक उदाहरण पुरेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. देशाच्या सरासरीशी जवळपास बरोबरी, आणि हे श्रीमंत म्हणवणारं राज्य. या वयात कुपोषण झालं तर शरीराबरोबर शिकण्याची क्षमताही मागे राहते. देश ज्या कुशल हातांच्या भरवशावर वरच्या गटात जायची स्वप्नं पाहतो, त्या हातांपैकी एक तृतीयांश पहिलीत जायच्या आधीच कमकुवत झालेले असतात. नंतर कितीही कौशल्य विकास केंद्रं उघडा.

सरकारकडे दरी कमी करायची दोन मुख्य हत्यारं असतात, कर आणि खर्च. करांचं थोडक्यात सांगतो. मृत्यूनंतरच्या वारसाहक्काच्या संपत्तीवरचा कर 1985 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 मध्ये. 2019 मध्ये कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्के झाला, इतर सवलती सोडण्याच्या अटीवर. आता केंद्राला कंपन्यांच्या करापेक्षा व्यक्तींच्या प्राप्तिकरातून जास्त पैसे मिळतात. आणि जीएसटी वसूल करताना साबणाची वडी कोण घेतोय हे दुकानदार विचारत नाही. 20 हजार कमावणाऱ्याच्या कमाईतला मोठा भाग अशा वस्तूंवर जातो, 20 लाखवाल्याचा नगण्य. सप्टेंबर 2025 मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले, हा बदल मला मनापासून पटला. मालमत्ता कर हे शहराच्या हातातलं हत्यार, पण 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत तो माफ झाल्यापासून या विषयाला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

खर्चात सध्या रोख रकमेचा जमाना आहे. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. याला रेवडी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक आकडा बघावा: 2023-24 मध्ये ग्रामीण भारतात माणशी सरासरी मासिक खर्च 4,122 रुपये होता. त्या घरात 1,500 ही मोठी रक्कम आहे, आणि ती बाईच्या स्वतःच्या खात्यात येते, याचंही मोल आहे. कुर्ल्यात मात्र तेवढ्यात खोलीचं आठवड्याचं भाडंही सुटेल की नाही, शंका आहे. शिवाय या एका योजनेवर वर्षाला हजारो कोटी जातात, तेव्हा तिजोरीतून दुसरं काहीतरी मागे पडतं.

मागे पडतं ते काय, हे मुंबईत बाईच्या दिवसाकडे पाहिलं की कळतं. शहरी भारतात 15 वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी 2023-24 मध्ये फक्त 28 जणी काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. गोवंडीहून चेंबूरला धुणीभांडी करायला जाणारी बाई सकाळची कामं उरकते तोवर मूल अंगणवाडीत असतं. अंगणवाडी दुपारी सुटते. संध्याकाळच्या पोळीभाजीची कामं चारनंतर, आणि त्यांचे पैसे धुण्याभांड्यांपेक्षा जास्त मिळतात. वस्तीत संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहणारं, परवडणारं पाळणाघर असेल तर ती अशी दोन घरं आणखी धरू शकते, आणि त्या दोन घरांचे पैसे 1,500 पेक्षा जास्त होतात.